फुरसतीची बॅटरी

वस्तूंना नावे देण्याच्या कामी इंग्रज लोक मोठे मोकळे. मोटारीचे यंत्र चालू करण्यासाठी एक बॅटरी असतेच. पण सहलीला नेण्याच्या गाडीत ते तिच्या जोडीला आणखी एक बसवितात. समुद्रकाठी गाडी उभी करून दोन दिवस निवांत राहावे, रात्री दिवा लागावा, चहापुरते पाणी लहानशा पंपाने टाकीतून तोटीला यावे, एवढ्यासाठी ती असते. म्हणून तिचे नाव पडले फुरसतीची बॅटरी! पाण्याची विवंचना ज्याला रोज करावी लागत नाही, त्यालाच असे नाव सुचावयाचे. तीच बॅटरी मी आमच्या शहागंजात पाहिली, आणि तेथे तिला क्षणाचीही फुरसत नव्हती.

शहागंज म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील जुन्या वस्तीचे नाक. निजामी अमदानीतला घड्याळाचा मनोरा, 1720 च्या सुमाराची मशीद, फळांच्या हातगाड्या आणि त्यांतून वाट काढणारी माणसे, असा हा बाजार आहे. भोवतालच्या बोळांत पाण्याचा मोठा टँकर शिरत नाही. म्हणून एक तरुण आपल्या चिमुकल्या मालगाडीवर पाचशे लिटरांची टाकी बांधून येतो, बोळाच्या तोंडाशी थांबतो आणि नळी वर टाकून दुसऱ्या मजल्यावरच्या टाकीत पाणी चढवितो. पंप चालतो तो आसनामागे ठेवलेल्या एका वेगळ्या बॅटरीवर. गाडीला एक बॅटरी असताना ही दुसरी कशाला, असे मी त्याला विचारले.

"काका, गाडीची बॅटरी पैलवान आहे," तो म्हणाला. "एका झटक्यात इंजिन उचलते न् बसते. ही हमाल आहे. दिवसभर वजन वाहील, तक्रार नाही. फक्त अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. रोज तळ गाठला, तर ही कायमची बसते."

विज्ञानाच्या पुस्तकांनी जे सांगावयाला दोन प्रकरणे घ्यावीत, ते या गृहस्थाने चार वाक्यांत सांगितले. 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि सौम्य गंधकाम्ल यांपासून पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी सिद्ध केली. पैलवान आणि हमाल ही दोन्ही तिचीच लेकरे. पैलवानाच्या पोटात पातळ पट्ट्या पुष्कळ असतात; त्यामुळे तो काही क्षण शेकडो अँपिअरचा लोंढा सोडू शकतो. मात्र तो वारंवार रिता झाला, की पट्ट्यांवरचा लेप गळू लागतो. हमालाच्या पट्ट्या जाड असतात. त्याला लोंढा सोडणे साधत नाही, परंतु रोज अर्धे रिते व्हावे आणि पुन्हा भरावे, हा क्रम तो वर्षानुवर्षे सोसतो. आपल्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी याच कुळातली. गाडीत या दोघांच्या मध्ये एक रिले बसविलेला असतो. इंजिन चालू असताना तो दोघांना जोडतो आणि हमालाचे पोट भरवितो. इंजिन थांबले, की जोड तोडतो, म्हणजे पंपाने पैलवानाला लुबाडू नये.

घरी येऊन मी हिशेब मांडला. 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 1200 वॉट-तासांची पुंजी. तिची अर्धी 600. पाच अँपिअर ओढणारा पंप 60 वॉट खातो, म्हणजे दहा तास चालेल. मिनिटाला सुमारे आठ लिटर पाणी चढले, तर पाचशे लिटरांची टाकी तासाभरात रिकामी होते. नुसत्या गुरुत्वाकर्षणाचे देणे पाहिले, तर पाचशे लिटर पाणी सहा मीटर चढविण्यास आठ वॉट-तासच पुरतात. दहा वॉटचा दिवा तेवढ्यावर पाऊण तास जळेल. पाणी चढविण्यास फारसे बळ लागतच नाही. लागते ते न थांबणे.

या गावाला हे सांगावयास नको. मलिक अंबराने 1610 साली खडकी येथे शहर वसविले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. तिला पंप नव्हता. डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा उतार होता आणि तो रात्रंदिवस चालू होता. पुढे पाणचक्कीवर असेच डोंगरातून आणलेले पाणी जाते फिरवू लागले. आज नहरीचे कित्येक भाग बुजले आहेत, आणि एवढ्या लोकवस्तीची तहान तिने भागली नसती, हेही खरेच. आता पाणी येते ते पैठणहून, 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणातून, थोरल्या पंपांनी उंचावर चढवून. पंप थोर आहेत. पण कित्येक वस्त्यांतील नळाला दिवसांचे खाडे पडण्याची रीतही आता जुनी झाली आहे. नळ येतो तो पैलवानासारखा, तासभर गर्जना करून जातो. मधले दिवस कोणीतरी हमालाने वाहावयाचे असतात.

आमच्या घरी तो हमाल म्हणजे माझ्या वहिनी. पाण्याचा दिवस कोणता, हे कॅलेंडरावर खुणा करून त्यांनी वीस वर्षे सांभाळले आहे. त्या दिवशी त्या पहाटे चारला उठतात, पिंप, हंडे, कळशा आणि शेवटी ताटल्यासुद्धा भरतात, आणि मग सारा आठवडा ते पाणी पुरवून वापरतात. पाणी संपले असे आमच्या घरात कधी झाले नाही, म्हणून कोणी त्याविषयी कधी बोललेही नाही. न थांबणाऱ्या बळाचे हेच दुर्दैव असते. पैलवानासाठी फेटे बांधतात. हमाल आजारी पडला, तरच त्याची चौकशी होते.

त्या तरुणाच्या बोलण्यातील शेवटची गोष्ट मात्र मला अधिक मोलाची वाटते. चिवटपणा ही काही अखंड पुंजी नव्हे. जाड पट्टीसुद्धा अर्ध्याच्या पुढे ओढली, की झिजते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. त्याने आपल्या बॅटरीवर एक छोटा दर्शक बसविला आहे. काटा मध्यावर आला, की तो मुकाट्याने पंप बंद करतो आणि पुढची गिऱ्हाइके उद्यावर टाकतो. माणसांना असा काटा नसतो.

आमच्याकडे आता पाळ्या ठरल्या आहेत. एका खेपेला वहिनी उठतात, एका खेपेला मी. माझ्या पहिल्या पाळीला त्या झोपून राहिल्या खऱ्या. परंतु सहाला उठल्यावर त्यांनी सारे हंडे एकदा मोजून पाहिले, आणि मगच चहाचे आधण ठेवले.