काफिर कोण, हे कोणी ठरवायचं?

प्रिय सखी,

पत्र मिळालं. ईदला शेजारच्या काकूंकडे पोटभर शीरखुर्मा खाल्लास आणि त्याच आठवड्यात बातम्यांत कुणीतरी अख्ख्या जगाला काफिर ठरवताना ऐकलंस. ‘मग काफिर म्हणजे नेमकं कोण गं?’ हा तुझा प्रश्न एका ओळीत सुटणारा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुराणात हा शब्द प्रथम ज्यांना उद्देशून येतो, ते मक्केतले कुरैश विरोधक. सत्य समोर आलं तरी ते झिडकारणं, ईश्वराच्या उपकारांची जाण न ठेवणं, असा त्याचा रोख. पुढे कायद्याच्या ग्रंथांत तो सरसकट बिगरमुस्लिमांना लागला. त्यातही ज्यू-ख्रिस्ती ‘किताबवाले’ म्हणून वेगळे. जिझिया कर भरला की त्यांना आपला धर्म पाळायची मुभा. बरोबरीचा दर्जा मात्र नव्हता, तेही लपवायचं कारण नाही.

पण या शब्दावरून घरातल्या घरातही रक्त सांडलं. 657 साली सिफ्फीनच्या लढाईत हजरत अलींनी लवादाला मान्यता दिली. निवाडा फक्त अल्लाहचा, असं म्हणत त्यांच्याच सैन्यातले काही जण फुटले आणि त्यांनी अलींनाच काफिर ठरवलं. हे खारिजी. 661 मध्ये त्यांच्यातल्याच एकाने कुफाच्या मशिदीत अलींवर तलवार चालवली. पैगंबरांचा प्रत्यक्ष जावई, आणि त्याची ही गत!

दुसऱ्याच्या मनातलं आपण ठरवू नये, हे सांगणारी हदीसमधली उसामा इब्न झैदची हकिगत माझ्या मनातून जात नाही. लढाईत तलवारीखाली सापडलेल्या शत्रूने कलमा उच्चारला, तरी उसामाने त्याला ठार केलं. पैगंबरांनी जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, भीतीपोटी म्हणाला तो. त्यावर पैगंबरांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, की तू त्याचं काळीज चिरून पाहिलं होतंस का? आपण आजच मुसलमान झालो असतो तर बरं झालं असतं, असं उसामाला वाटून गेलं.

बगदादच्या निजामिया मदरशात शिकवलेले इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी तर काफिर कुणाला म्हणावं यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. तीन मतांपायी तत्त्वज्ञांना काफिर ठरवणारे तेच, तरी इथे हा शिक्का मारणाऱ्यांना त्यांनी आवर घातला. बिगरमुस्लिमांचे त्यांनी तीन गट केले. ज्यांच्या कानांवर पैगंबरांचं नावही गेलं नाही, ते निर्दोष. ज्यांनी लहानपणापासून त्यांची निंदाच ऐकली, तेही निर्दोषच. खरी ओळख पटूनही ज्यांनी पाठ फिरवली, तेच दोषी. त्यांच्या काळातले दूरदेशीचे बहुतेक ख्रिस्ती आणि तुर्क ईश्वराच्या दयेला पात्र ठरतील, असं त्यांनी लिहून ठेवलंय.

2005 मध्ये जॉर्डनमधल्या अम्मानला जमलेल्या सुन्नी, शिया आणि इबादी विद्वानांनी एकमेकांच्या पंथांना काफिर म्हणायचं नाही, असं एकमुखाने जाहीर केलं. मोठंच पाऊल ते. पण मला त्यापुढचं हवंय. आज करोडो लोकांना इस्लाम भेटतो तो बॉम्बस्फोटाच्या बातमीतून. गझालींच्या हिशेबाने हे सगळे दुसऱ्या गटातले, म्हणजे निर्दोष. बॉम्ब ठेवणारा ज्यांना काफिर म्हणतो, त्यांच्यापर्यंत पैगंबरांची खरी ओळख पोचू न देणारा तोच आहे. मदरशांतून आणि मशिदींतून हे ठणकावून सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तुला काय वाटतं ते नक्की कळव.

तुझीच,
मैत्रीण