अठ्ठ्याहत्तर फेरे

उन्हाळ्याच्या सुट्टीत अचलपूरच्या घरी माळा साफ करताना अब्बांचा रेकॉर्ड प्लेअर सापडला. सोबत लाखेच्या पाच जाड रेकॉर्डी. त्यात 1958 च्या 'अल हिलाल' चित्रपटातली इस्माईल आझाद यांची कव्वाली होती. उरुसाच्या दिवसांत पाहुणे आले की अब्बा चहाच्या आधी तीच लावायचे.

अम्मी अलीकडे विसरते. औषध घेतलं का, असर झाली का, हे पुन्हा पुन्हा विचारते. त्यामुळे रेकॉर्ड लागल्यावर ती म्हणाली, "ये इतना सुस्त नहीं गाते थे," तेव्हा भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मीही मान हलवली. बिचारीला आता गाणंही आठवत नाही, असं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं.

ती मात्र तीनदा तेच म्हणाली. शेवटी मी रेकॉर्डच्या मधल्या लेबलवर कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला 78 हवे होते, भरले 72.

वर्गात असते तर फळ्यावर मांडून दाखवलं असतं. अशाने तीन मिनिटांचं गाणं सव्वातीन मिनिटं चालतं, आणि नुसतं लांबत नाही, गाणाऱ्याचा आवाजही अर्ध्या स्वराहून जास्त खाली उतरतो. खाचेच्या नागमोडी वळणांतून सुई सेकंदाला जितक्यांदा डावी-उजवीकडे हलते, त्यावरच सूर ठरतो. फेरे कमी झाले की चाल आणि सूर दोन्ही एकदमच पडतात.

परतवाड्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे मशीन नेलं. चाचांनी तबकडी उचलून दाखवली. खाली मोटरचा दांडा, त्याला पायऱ्या पाडलेल्या. शेजारी रबराचं एक चाक. ते एका बाजूने दांड्याला आणि दुसऱ्या बाजूने तबकडीच्या कडेला आतून घासतं, तेव्हा तबकडी फिरते. 33, 45 की 78, हे चाक कोणत्या पायरीला टेकलंय यावर ठरतं. 78 ची पायरी सगळ्यांत जाड. इतक्या वर्षांत रबर कडक आणि गुळगुळीत झालं होतं, त्यामुळे घसरत होतं. चाचांनी बारीक पॉलिश पेपरने त्याची कड हलकेच घासली, स्पिरिटने पुसली, मोटरला तेलाचा एक थेंब दिला.

मग माझ्याकडे बघून हसले. सुई आम्ही एलपीच्या बाजूला ठेवली होती! जुन्या रेकॉर्डची खाच रुंद असते, एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन कचरा खरवडते. त्यांनी छोटी कळ फिरवून जाड टोक खाली आणलं. सुईची थरथर तिच्यामागच्या स्फटिकाला वाकवते, त्यातून इवलीशी वीज निघते, अँप्लिफायर ती वाढवतो आणि झाकणातला स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. चाचा हे सगळं बोटाने दाखवत होते, उर्दूच्या तासाला मी शब्दांचे जोड दाखवते तसं.

घरी येऊन पुन्हा कपटा लावला. 78 भरले.

अम्मी बाजेवर बसली होती. पहिल्याच तानेला तिचं बोट बाजेच्या कडेवर ठेका धरू लागलं. सुस्त आहे, असं या वेळी म्हणाली नाही. मी तिच्याजवळ जाऊन बसले. माफी मागायची होती, पण कशाची ते तिला कसं सांगू?

कव्वाली संपली. अम्मीने पदर सावरला, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "मेहमान कौन आए?"