वर बर्फाचं छत असताना

परभणी जिल्ह्यातल्या येलदरी जलाशयात पाण्याखालचा रोबो सोडला आणि त्याची बॅटरी मध्येच संपली, तर फार बिघडत नाही. तो पाण्यापेक्षा किंचित हलका ठेवलेला असतो, म्हणून आपोआप वर येतो. होडीतून जाऊन उचलायचा. मात्र हाच रोबो समुद्रात न्यायचा तर त्याचा तोल नव्याने साधावा लागतो. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत घडलेल्या ‘माया’सारख्या पन्नासेक किलोंच्या रोबोला तिथे सव्वा किलो वजन जास्त लागेल. या कामातला माणूस आधी तोल शिकतो, मग यंत्र.

बर्फाखाली वर येऊन सुटका नाही.

२००५ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांचा ‘ऑटोसब-२’ अंटार्क्टिकातल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या फिंबुल हिमस्तराखाली गेला आणि तिथेच राहिला. गोटेनबर्ग विद्यापीठाच्या ‘रान’ने २०२२ मध्ये डॉटसन हिमस्तराखाली २७ दिवसांत हजारावर किलोमीटर फिरून बर्फाच्या तळाचे नकाशे आणले; त्यात थेंबाच्या आकाराचे खळगे प्रथमच दिसले. २०२४ च्या जानेवारीत ‘रान’ही त्याच बर्फाखाली हरवला. तरीही असे रोबो पाठवायलाच हवेत, कारण हिमस्तर खालून कसा झिजतो हे उपग्रहाला इतकं जवळून दिसत नाही.

केबल बांधली की जीव थोडा भांड्यात पडतो. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं ‘प्रूव्ह’ २०१५ मध्ये भारताच्या अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ केंद्राजवळच्या प्रियदर्शिनी सरोवरात उतरलं ते केबलसह. २०२० मध्ये थ्वेट्स हिमनदीखाली गेलेला ‘आइसफिन’ही केबलवरच होता. गरम पाण्याने पाडलेल्या सुमारे ६०० मीटर खोल, अरुंद भोकातून जायचं, म्हणून लांबी साडेतीन मीटर आणि जाडी जेमतेम वीतभर.

पण कारागिरीचा कळस अमेरिकी अभियंते बिल स्टोन यांच्या चमूच्या ‘एन्ड्युरन्स’ रोबोमध्ये आहे. अंटार्क्टिकातल्या बॉनी सरोवरात वरचं पाणी जवळपास गोडं, तळाचं समुद्राहून कितीतरी खारट. तिथे तोल साधायचा कोणत्या पाण्याला? शिवाय पंख्यांनी ढवळलं, तर जे मोजायला आलो ते थरच मोडणार. म्हणून २००८ आणि २००९ च्या मोहिमांत हा रोबो वरच्या पाण्यातच फिरला. ठरल्या जागी पंखे बंद करून तो बर्फाला खालून टेकायचा आणि मोजमापाची उपकरणं तारेने खाली सोडायचा. ज्या छतामुळे ‘ऑटोसब-२’ आणि ‘रान’ हरवले, त्याचाच इथे आधार झाला. परतताना बर्फातल्या भोकाशी ठेवलेल्या चुंबकीय खुणेचा माग काढत तो जवळ यायचा आणि शेवटचे काही मीटर कॅमेऱ्याच्या भरवशावर चढायचा.