मंगळ तिथे नव्हताच!

चीनच्या हान घराण्याचा इतिहास सहज चाळायला घेतला आणि झोपच उडाली. साल इ.स.पू. 7. दरबारात बातमी येते की, मंगळ ज्येष्ठेच्या लाल ताऱ्यापाशी येऊन थबकलाय. म्हणजे सम्राटाच्या जिवावर बेतणार! उपाय एकच, हे अरिष्ट दुसऱ्याच्या माथी मारायचं. सम्राट चंगने पंतप्रधान झाय फांगजिनला खरमरीत पत्र धाडलं, सोबत उंची मद्य आणि एक बैल. झाय काय ते समजला. त्याच दिवशी त्याने जीव दिला. सम्राट दुखवट्याला जातीने हजर! आणि थोड्याच दिवसांत तोही गेला.

कहर तर पुढेच आहे. तैवानचे इतिहासकार हुआंग यी-लाँग यांनी तेव्हाची ग्रहस्थिती गणिताने मांडून पाहिली, तर मंगळ तेव्हा तिथे नव्हताच! आकाशाची चक्क खोटी साक्ष!

मग काय, झपाटल्यासारखा वाचत सुटलो. राज्य करायचा अधिकार आकाश देतं, आणि राजा बिघडला की तेच काढून घेतं, अशी तेव्हा चीनमध्ये श्रद्धा होती. त्यामुळे ग्रहण लागलं की राजाच आरोपी! इ.स.पू. 178 मध्ये सूर्यग्रहण झालं तेव्हा सम्राट वेनने फर्मान काढून दोष स्वतःकडे घेतला, स्पष्ट बोलणारी माणसं मागवली, वेठबिगारी आणि खर्च कमी करायला सांगितलं. त्याच वर्षी शेतसारा निम्मा झाला. सूर्य झाकोळला आणि शेतकऱ्याचं ओझं हलकं! आपल्या अर्थसंकल्पांना असं एखादं ग्रहण लागायला काय हरकत आहे?

पुढे सुंग घराण्याच्या काळात तर अर्थधोरणाचीच परीक्षा आकाश घेऊ लागलं. पंतप्रधान वांग आन-शृ शेतकऱ्यांना सरकारी कर्ज द्यायचा, वीस टक्के व्याजाने. 1074 मध्ये दुष्काळ पडला. नगराच्या वेशीवरच्या एका अधिकाऱ्याने देशोधडीला लागलेल्या लोकांचं चित्र काढून थेट सम्राटाकडे पोहोचवलं, आणि वांगला पद सोडावं लागलं. पुढच्या वर्षी तो परतला, तोच धूमकेतू उगवला! पठ्ठ्या बधला नाही. धूमकेतू दिसूनही वर्षानुवर्षं राज्य केलेल्या जुन्या राजाचा दाखलाच त्याने सम्राटापुढे ठेवला. मला हा माणूस बेहद्द आवडला.

1106 मध्ये पुन्हा धूमकेतू. सम्राट हुइझुंग इतका हादरला की, विरोधकांची नावं कोरलेला शिलालेख त्याने रातोरात फोडायला लावला आणि पंतप्रधान त्साय जिंगला घरी बसवलं. धूमकेतू मावळला. 1107 मध्ये त्साय जिंग पुन्हा पंतप्रधान.