घाटात मागे राहिलेले

१४ जुलै २०२२. फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, देशभर उन्हाची लाट, आणि टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा बारावा टप्पा आल्प द्युएझच्या घाटात संपणार होता. ग्रनोबलला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं अंधार असतानाच गाडी काढली. घाटाच्या पायथ्याशी ल बूर द्वाझाँ नावाचं गाव आहे. त्याच्या बरंच अलीकडे गाडी लावून आम्ही चालायला लागलो, कारण घाट वाहनांना बंद झाला होता. पायी निघालेल्यांची, सायकलवाल्यांची, पाठीवर पोरं घेतलेल्या आईबापांची रीघ लागली होती. कितीतरी लोक दिवस-दिवस आधी येऊन रस्त्याकडेला तंबू ठोकून राहिले होते.

घाट १३.८ किलोमीटरचा. सरासरी चढ आठ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर उंची चढलेली असते. वळणं २१, आणि त्यांचे आकडे उलटे लावलेले: खालचं पहिलं वळण २१ नंबरचं, माथ्याजवळचं १ नंबरचं. प्रत्येक वळणावर इथं जिंकलेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत. सगळ्यांत खालच्या वळणावर फाउस्तो कोप्पीचं नाव. १९५२ मध्ये टूर पहिल्यांदा या घाटात आली तेव्हा तो जिंकला होता. आणि सुरुवातीचा चढच सगळ्यांत छातीवर येणारा. दोन डोंगर ओलांडून आलेल्या माणसाला इथं वळल्या वळल्या ही भिंत समोर दिसत असणार.

घाट मला नवा नव्हता, म्हणजे सायकलचा घाट. तरुणपणी मी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचो. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळतो. माझं काम वेगळं होतं. आमच्या संघातला जो घाटात उत्तम चढायचा, त्याला खोपोलीपर्यंत वाऱ्यापासून जपत आणायचं. पनवेल सुटलं की त्याच्या पुढे राहायचं, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, आपलं पाणी त्याला द्यायचं, त्याचं चाक बसलं तर आपलं काढून द्यायचं. घाट लागला की तो निघून जायचा आणि शिंग्रोबाच्या देवळापर्यंत मी आपला एकटा चढत राहायचो. तेव्हापासून शर्यत बघताना माझी नजर मागे जाते. जिंकलं कोण हे कळायला हवंच. पण ज्यांच्या जोरावर जिंकलं ते कुठं आहेत, हे मला पाहायचं असतं. टीव्हीवर ते दिसत नाही. कॅमेरा पुढच्यांच्या मागे असतो.

आम्ही ला गार्द या वाडीजवळच्या, १६ नंबरच्या वळणावर जागा धरली. तिथून खालचा रस्ता दिसतो. शेजारी घडीच्या खुर्चीत एक फ्रेंच आजी बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्रातून कापलेली खेळाडूंची यादी, हातात पेन्सिल. भाच्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, समोरून गेलेल्या प्रत्येकाच्या नंबरपुढे खूण करायची, म्हणजे कोण यायचं राहिलंय ते कळतं. १९८६ मध्ये बर्नार्ड इनो आणि ग्रेग लमाँड याच घाटात पुढेमागे चढले आणि वर हातात हात घालून रेषेपार गेले, ते दोघे त्यांनी घाटातच पाहिले होते. या वेळचा मार्गही तोच होता: ब्रियाँसाँहून निघून आधी गालिबिए, २,६४२ मीटर; मग क्रुआ द फेर, २,०६७ मीटर; आणि शेवटी आल्प द्युएझ. एकूण १६५ किलोमीटर.

दुपारी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा गेला. ही पद्धत १९३० पासूनची. टोप्या, किल्लीची कडी, खाऊची पाकिटं उडत होती आणि मोठमोठी माणसं त्यावर झेप घेत होती. वरच्या बाजूनं सतत गलका ऐकू येत होता. तिकडे ७ नंबरच्या वळणावर नेदरलँड्सचे लोक नारिंगी कपड्यांत जमतात. १९७६ ते १९८९ या काळात त्यांच्या खेळाडूंनी इथं आठ वेळा बाजी मारली, तेव्हापासून ते वळण त्यांचंच झालं.

एका गाडीच्या मागच्या दारात कुणीतरी छोटा टीव्ही लावला होता. त्यावर टॉम पिडकॉक गालिबिएचा उतार उतरताना दिसला. बावीस वर्षांचा इंग्रज मुलगा, आदल्या वर्षी टोकियोत डोंगरी सायकलिंगचं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलेला. ओल्या मातीत सायकल घसरत चालवायची सवय असलेल्या माणसालाच सुचेल अशा रेषा तो वळणांत धरत होता. त्यानं आणि ख्रिस फ्रूमनं तिथंच मुख्य जथा सोडला आणि पुढे पळालेल्यांना गाठलं.

आधी हेलिकॉप्टर ऐकू आलं. मग पोलिसांच्या मोटारसायकली, मग लाल गाडी. रस्त्यावर लोक इतके पुढे सरकले होते की मधे जेमतेम एक सायकल जाईल एवढीच फट उरली. पिडकॉक आणि त्याच्याबरोबरचे चार जण त्या फटीतून गेले. साखळीचा आवाज आणि श्वास, दोन्ही स्पष्ट ऐकू आले, एवढ्या जवळून. फ्रूमही त्यांत होता. चार वेळा टूर जिंकलेला हा माणूस २०१९ च्या अपघातात जवळजवळ संपला होता. मोडलेली मांडी, खुबा, कोपर जोडून घेऊन तो परत आला. त्याच्या नावाचा जो ओरडा झाला, तसा पिडकॉकच्याही नावाचा झाला नाही. वर पिडकॉक ४८ सेकंदांनी जिंकला, फ्रूम तिसरा आला. हे आम्हाला त्या छोट्या टीव्हीवरूनच कळलं.

त्यांच्या मागून पिवळ्या जर्सीचा घोळका आला. टूरमध्ये रोजचा वेळ बेरजेत धरतात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पिवळी जर्सी घालतो. ही प्रथा १९१९ पासूनची, आणि पिवळा रंग ज्यानं टूर सुरू केली त्या ‘लोतो’ वर्तमानपत्राच्या कागदाचा. ती जर्सी आदल्याच दिवशी योनास विंगेगार्डच्या अंगावर आली होती. ती कशी आली हे सांगायलाच हवं, कारण सायकल शर्यतीत मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यात आहे. तादेय पोगाचार सलग दोन वर्षं टूर जिंकलेला, त्याला सरळ सरळ हरवणं कुणाला जमत नव्हतं. विंगेगार्डच्या संघातल्या प्रिमोझ रोग्लिचनं त्याच्यावर हल्ला चढवला. पोगाचार त्याच्या मागे गेला की विंगेगार्ड सुटायचा. विंगेगार्डला गाठलं की पुन्हा रोग्लिच. गालिबिएवर हे आळीपाळीनं चाललं. मग कोल दु ग्रानोंच्या चढावर पोगाचारचे पाय थांबले आणि तो जवळजवळ तीन मिनिटं मागे पडला. रोग्लिच काही हरकाम्या नव्हे. तोवर तीन वेळा स्पेनची व्हुएल्ता जिंकलेला, ऑलिंपिक विजेता. त्या टूरमध्ये जिंकायलाच आला होता. पाचव्या टप्प्यात पडून त्याचा खांदा निखळला, आणि उरलेली ताकद त्यानं दुसऱ्याच्या पिवळ्या जर्सीसाठी ओतली. काही दिवसांनी तो शर्यत सोडून गेला. टूर विजेत्याला पाच लाख युरो मिळतात आणि ते संघातल्या सहकाऱ्यांत वाटून टाकण्याची रीत आहे, ती याचसाठी.

पिवळा घोळका गेल्यावर बरेच लोक सामान आवरून वर निघाले. भाचा म्हणाला, “मामा, चला, वर मोठ्या पडद्यावर शेवट दिसेल.” मी म्हणालो, “तू जा हवं तर, मी थांबतो.” तोही थांबला. आजींच्या यादीत अजून शंभराहून अधिक नंबर कोरे होते.

मग ते यायला लागले. एकेकटे, दोघे-तिघे. हे सकाळपासून पुढे राहून वारा खाणारे लोक. आपल्या नेत्याला घाटाच्या तोंडाशी आणून सोडलं आणि काम संपलं. आता फक्त वर पोचायचं. त्यांच्या चेहऱ्यावर घामाचं मीठ वाळून पांढरे ओघळ झाले होते. एकाच्या कोपरापासून मनगटापर्यंत जाळीची पट्टी होती. एक जण आमच्यासमोर आला आणि त्यानं बाटली उलटी करून दाखवली. कुणी पाणी पाजायला धावलं, कुणी डोक्यावर ओतलं. ओतलेलं चालतं, पाजलेलं प्यायला खेळाडू कचरतात, अनोळखी हातचं पाणी त्यांना परवडत नाही. भाच्यानं आमच्या थर्मासमधलं गार पाणी एकाच्या मानेवर ओतलं. त्यानं मान न वळवता अंगठा वर केला.

पुढच्या खेळाडूंना बघताना आपण ओरडतो. यांना बघताना लोक नाव वाचून हाक मारत होते. यादी हातात असल्यामुळे आजी नंबरावरून नाव सांगायच्या आणि अख्खं वळण ते नाव घ्यायचं. स्वतःचं नाव ऐकून काहींची मान वर यायची, पेडल थोडं जोरात फिरायचं, पुढच्या वळणापर्यंत.

सगळ्यांत शेवटी ‘ग्रुपेतो’. डोंगरी टप्प्यात मागे पडलेल्यांनी आपणहून बांधलेला हा जथा. यात वेगवेगळ्या संघांचे, एरवी एकमेकांना कोपरानं ढकलणारे स्प्रिंटर एकत्र असतात. सपाटीवर ताशी सत्तर किलोमीटरनं धावणाऱ्या या धिप्पाड लोकांना चढावर स्वतःचं वजनच जड होतं. आणि त्यांच्यामागे घड्याळ लागलेलं असतं: विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून जी मर्यादा निघते तिच्याआत पोचला नाही तर माणूस बाद. दुसऱ्या दिवशी उभं राहता येत नाही, मग आधीचे अकरा दिवस कितीही चांगले गेलेले असोत. म्हणून ग्रुपेतोत सतत हिशेब चालतो. इथं किती हरलो, उतारावर किती भरून काढू, घाटाच्या पायथ्याशी किती शिल्लक हवी. कुणी अनुभवी माणूस वेग ठरवतो आणि बाकीचे त्याचं ऐकतात. चढावर वेग इतका उतरलेला असतो की पुढच्याच्या आडोशाचा फारसा उपयोग नसतो, तरी ते एकमेकांना सोडत नाहीत. संख्या मोठी असली तर मर्यादा चुकली तरी पंच कधीकधी सवलत देतात, हेही एक कारण. पण मी जे पाहिलं ते एवढ्यानं उलगडत नाही. एका स्प्रिंटरच्या पुढे त्याचा सहकारी चालला होता. तो दर काही पेडलांनंतर मागे वळून पाहायचा, अंतर पडलं की वेग कमी करायचा आणि पुन्हा ओढायचा. सहकाऱ्याला स्वतःला वेळेत पोचणं सोपं होतं, ते त्याच्या पायांवरून दिसत होतं. बाद झाले असते तर दोघेही झाले असते.

मला बोरघाट आठवला नाही, उलट जे आमच्याकडे नव्हतं ते इथं दिसलं. आम्ही आपल्या माणसाला घाटापर्यंत आणून सोडायचो. घाटात मागे राहिलेल्याला न्यायला कुणी थांबत नसे. एका दिवसाच्या शर्यतीत त्याची गरजही नसते. इथं उद्या पुन्हा सगळ्यांना एकत्र निघायचं असतं. तीन आठवडे, २१ टप्पे, ३,३०० किलोमीटर. आठ जणांच्या संघातला आज मागे पडलेला माणूस परवाच्या सपाटीवर लागणार असतो. टप्प्याटप्प्यांची शर्यत या गोष्टीमुळे वेगळी होते, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते.

ग्रुपेतो गेल्यावर आजींनी यादीवरून पेन्सिल फिरवली. मागून गाड्या आल्या.

पुढच्या बुधवारी मी भाच्याच्या घरीच होतो. पिरेनिजमधला पेराग्यूदचा टप्पा, जेमतेम १३० किलोमीटरचा. असा आखूड टप्पा स्प्रिंटरांना सर्वांत घातक, कारण पुढचे पहिल्यापासून जीव तोडून पळतात आणि वेळमर्यादा आकसते. पोगाचारनं विंगेगार्डला शेवटच्या चढावर हरवून टप्पा जिंकला. भाच्यानं रिमोट उचलला, मी त्याला थांबवलं. फाबियो याकोब्सेन अजून यायचा होता.

याकोब्सेन म्हणजे २०२० मध्ये पोलंडच्या शर्यतीत कठड्यावर आदळलेला आणि उपचारांसाठी कोमात ठेवावा लागलेला स्प्रिंटर. त्याचा जबडा पुन्हा उभा करावा लागला, बहुतेक दात गेले. आणि याच टूरच्या दुसऱ्या टप्प्यात, डेन्मार्कमध्ये, त्यानं सगळ्यांना मागे टाकून स्प्रिंट जिंकली होती. आता तो पेराग्यूदच्या विमानपट्टीच्या भयंकर चढावर एकटा होता. त्याचे संघसहकारी आधीच पोचलेले. पण हॉटेलवर न जाता ते रेषेपाशी उभे होते, घड्याळाकडे आणि खालच्या रस्त्याकडे आळीपाळीनं बघत, ओरडत. पट्टीच्या तोंडाशी त्याची आकृती दिसली तेव्हा आम्ही दोघंही उभे राहिलो होतो. तो सायकलवर डावी-उजवीकडे हेलकावत चढला आणि १७ सेकंद राखून रेषेपार गेला. सहकाऱ्यांनी त्याला सायकलवरून पडू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओताकामचा डोंगर होता. तोही त्यानं वेळेत चढला. कोपनहेगनहून निघालेल्या १७६ जणांपैकी सुमारे चाळीस जण वाटेत गळाले. रविवारी पॅरिसला पोचलेल्यांत याकोब्सेन होता.