पैलवान

पुण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांचे निम्मे बालपण सायकलीवर गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. एके काळी हे सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. आता रस्ते मोटारींनी भरून गेले आहेत; तरी माझी जुनी सायकल मी अद्याप मोडीत काढलेली नाही. तिने मला एक गोष्ट शिकविली. ती सांगताना मात्र थोडा संकोच वाटतो.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहते. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा होता, तेव्हा त्याच्या पोटऱ्या चांगल्या भरदार दिसत. त्या पाहून मी त्याला कौतुकाने 'पैलवान' म्हणू लागलो. तो धावताना पडे आणि उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकीत सावकाश उभा राही. "पैलवान, आळस पुरे!" असे मी म्हणे. तो हसे. त्याची आई मात्र हसत नसे.

पुढे कळले की, त्या भरदार पोटऱ्या हेच दुखण्याचे लक्षण होते. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. स्नायूंना बळकटी देणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन या मुलांच्या शरीरात तयार होत नाही. स्नायू हळूहळू झिजतात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांचे चालणे थांबते. हा विकार बहुधा आईकडून मुलाकडे येतो. परंतु कित्येकदा घराण्यात कोणालाही नसताना तो मुलातच प्रथम उद्भवतो. यात दोष कोणाचाच नसतो. तरीही त्या माउलीने स्वतःला बोल लावीत किती रात्री जागून काढल्या असतील! २०१६ सालच्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने या विकाराची दखल घेतली आहे. पण आमच्या वाड्याचा अरुंद जिना त्यामुळे रुंद झाला नाही. मुलाला पाठीवर घेऊन त्याचे वडील तो रोज चढतात.

गेल्या हिवाळ्यात अशा काही मुलांच्या पालकांनी आणि आम्ही सायकलस्वारांनी एक बेत आखला. स्वारगेटहून सिंहगडापर्यंतचे सुमारे ३० किलोमीटर सायकलीने जावयाचे. ओळखीच्या लोकांनी दर किलोमीटरमागे यथाशक्ती रक्कम द्यावयाची आणि त्या पैशांतून चाकांच्या खुर्च्या घ्यावयाच्या.

खडकवासल्यापर्यंत सारे गप्पा मारीत होते. गडाचा घाट सुरू झाला आणि गप्पा बंद पडल्या. तिसऱ्या वळणावर मी सायकल टेकवून एका दगडावर बसलो. थोड्या वेळाने उठू गेलो, तर पाय उठेनात. नकळत मी गुडघ्यांवर हात टेकले, मग मांड्यांवर, आणि तसाच दबकत उभा राहिलो. क्षणभर मी जागीच थांबलो. हे उठणे माझ्या ओळखीचे होते. माझे दुखणे उद्या सकाळी ओसरणार होते. त्या मुलाने मात्र रोज असे उठावे आणि मी त्याला आळस म्हणावे!

वर गाडीतळावर पालक मुलांना घेऊन आधीच पोहोचले होते. पैलवान आपल्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवीत होता. समोर पुणे दरवाजाकडे जाणाऱ्या पायऱ्या होत्या. त्याची नजर तेथेच खिळलेली पाहून मी त्याच्या वडिलांना म्हणालो, "आज मला द्या त्याला." त्यांनी कसे धरावयाचे ते नीट दाखविले आणि मुलाला माझ्या पाठीवर दिले.

दहा-बारा पायऱ्या चढून मी धापा टाकीत थांबलो. कानाशी आवाज आला, "पैलवान, आळस पुरे!"

या वेळी त्याची आईही हसली.