तीस लाखांतल्या ४७५ नोंदी



गेल्या चातुर्मासात आमच्या धाकट्या जाऊबाईंना तीन आठवडे ताप होता. डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला की आम्ही हुश्श करायचो, आणि त्या मात्र जास्तच खचायच्या. "मग मला झालंय तरी काय?" ताप उतरला, कारण कळलं नाही ते नाहीच. हिशेब जुळला नाही की फरकाची रक्कम आम्ही कॉमर्सवाले सस्पेन्स अकाउंटला टाकतो, तसंच झालं ते.

त्या दिवसांत भाच्याने मला अमेरिकेतली एक केस समजावून सांगितली. विस्कॉन्सिनमधला चौदा वर्षांचा मुलगा, जन्मापासून प्रतिकारशक्ती कमी. चार महिन्यांत तीनदा दवाखान्यात भरती. ताप, डोकेदुखी, मग मेंदूत पाणी, झटके. शेवटी औषधाने बेशुद्ध ठेवावं लागलं. मेंदूचा तुकडा काढून तपासला, तरी काही सापडेना. त्या आईचं काय झालं असेल!

मग त्याच्या पाठीच्या कण्यातलं पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डॉ. चार्ल्स च्यू यांच्याकडे गेलं. नेहमीच्या बहुतेक तपासण्या एकेका जंतूचं नाव घेऊन विचारतात, 'हा आहे का?' ज्याचं नाव आपल्या मनातच आलं नाही, तो सुटतो. इथे तसं नाही. नमुन्यात जेवढी जनुकं आहेत, तेवढ्या सगळ्यांचे तुकडे यंत्र वाचतं आणि संगणक ते माहीत असलेल्या जंतूंशी ताडून बघतो. अख्खी खातेवही ओळीन् ओळ वाचण्यासारखंच. तीस लाखांवर तुकडे वाचले, बहुतेक त्या मुलाचेच. त्यात ४७५ निघाले लेप्टोस्पायराचे. साडेसहा हजारांत एक! आणि हे सगळं ४८ तासांत. लेप्टोची नेहमीची तपासणी निगेटिव्हच होती. तरी पेनिसिलिन दिलं आणि ३२ दिवसांनी पोरगा घरी गेला. नंतर सरकारी प्रयोगशाळेनेही लेप्टोच असल्याची खात्री केली. २०१४ साली हे छापून आलं.

लेप्टो आपल्याला नवा नाही. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत त्याची धास्ती आपण सगळ्यांनीच घेतली होती.

हे ऐकून सासूबाईंनी विचारलं, "पण औषधाने जीव मेलेच ना गं?" मेले. गृहस्थाला आरंभी आणि विरोधी हिंसा पूर्ण टळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण नाव माहीत नसताना अंदाजाने चार-चार अँटिबायोटिक्स चालवली, तर निरुपद्रवी जीव किती मरत असतील? नेमकं एकच औषध दिलं, तर मला त्यात यत्नाचार जास्त दिसतो. त्यांना हे पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी जपमाळ हातात घेतली.

ही तपासणी साध्या तापासाठी नव्हे. ती महाग आहे, सगळीकडे होत नाही, आणि नमुन्यात बाहेरचा जंतू मिसळला तर यंत्र त्याचंही नाव सांगतं, म्हणून निकाल जाणत्या डॉक्टरनेच वाचायचा. पण मेंदूला सूज आहे, कारण सापडत नाही आणि दिवस हातातून चाललेत, अशी वेळ कुणावर आली, तर मोठ्या दवाखान्यात निदान विचारा तरी. आणि कुठे गेलो, कुठलं पाणी अंगाला लागलं, ते सगळं सांगा. तो मुलगा आजारी पडण्याच्या काही महिने आधी पोर्टो रिकोला जाऊन पोहून आला होता.